देशी म्हणजे कुणाचं?



समाजकार्याच्या कॉलेजांत सध्या एका शब्दाचा बोलबाला आहे. देशी ज्ञान. ऐंशीएक वर्षं अमेरिकेची पुस्तकं घोकून झाल्यावर आमच्या प्राध्यापक मंडळींना एकाएकी आठवलं की या मुलखातल्या माणसांनाही काही अक्कल आहे. बरं झालं. उशिरा का होईना, आठवलं. पण टाळ्या पिटण्याआधी आम्हाला एक विचारायचंय. देशी म्हणजे कुणाचं? वाड्यातलं, की गावकुसाबाहेरचं? पोथीतलं, की पाठीवरून वाहिलेलं?

हा सवाल हवेतला नाही. मी हिंजवडीत राहतो. आमच्या वस्तीतली दोन पोरं आणि एक पोरगी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेताहेत. त्यांच्या आईबापांनी कॉलेजचं फाटक बाहेरूनच पाहिलं. या पोरांच्या हातात यंदा नवा पेपर पडला: भारतीय ज्ञान परंपरा आणि समाजकार्य. २०२० सालचं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं, त्यामागून २०२३ साली विद्यापीठ अनुदान आयोगाची सूत्रं आली की विद्यार्थ्यानं एकूण श्रेयांकांपैकी किमान ५ टक्के या परंपरेचे घ्यावेत. ठीक. पण पोरांना दिलेली टिपणं मी वाचली. दान, सेवा, संयुक्त कुटुंब, स्वयंपूर्ण खेडं, पंचायत. आणि जात? ती एका ओळीत उरकलीय. श्रमविभागणीची पारंपरिक व्यवस्था. संपलं! पोरगी मला विचारते, 'दादा, हे असंच लिहू का? वेगळं लिहिलं तर मार्क जातील.'

मार्क जातील हे खरंच आहे. आणि नुसते मार्क जात नाहीत. ही पोरं उद्या बालगृहात, दवाखान्यात, कंपनीच्या सामाजिक निधीच्या हापिसात बसतील. समोर आमचीच माणसं येतील. त्यांच्याकडे ती कुठल्या डोळ्यांनी बघणार, ते या पेपरात ठरतंय. म्हणून या अंकाचं संपादकीय त्यावर.

आधी परदेशी ज्ञानाचा हिशेब करू. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या विश्वस्त निधीतून समाजकार्याची पहिली शाळा निघाली. पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट, नागपाड्यात सेवाकेंद्र चालवणारे अमेरिकन मिशनरी. या शाळेचंच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था असं नाव झालं. मग एकेक करत कॉलेजं निघाली. पुण्यात १९६३ साली कर्वे समाज सेवा संस्था आली. सगळीकडे शिकवायचं काय, तर व्यक्तिसहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन. मेरी रिचमंडचं सामाजिक निदानावरचं पुस्तक १९१७ सालचं. हेलन पर्लमनचं १९५७ सालचं. शिकागो-न्यूयॉर्कच्या कारखानी वस्त्यांत, परक्या देशांतून आलेल्या माणसांमध्ये काम करताना जमवलेलं हे ज्ञान. त्यात खोट नव्हती, ते तिथलं होतं. खोट इथं झाली. इथं ते जसंच्या तसं उतरवलं आणि समोरच्या माणसाला 'अशील' म्हणून खुर्चीवर बसवलं. त्याची अडचण त्याच्या डोक्यात, त्याच्या घरात, त्याच्या दारूच्या बाटलीत शोधली. त्याचं घर गावाच्या कुठल्या बाजूला आहे, हे कुणी विचारलं नाही.

आणि टाटांचं नाव निघालंच आहे तर आमच्या तालुक्याची गोष्ट सांगतो. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते. याच तालुक्यात १९२१ साली टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मावळे उठले. सेनापती बापट पुढारी होते. १९२४ पर्यंत लढा चालला आणि मोडला. मुळेचं पाणी अडलं आणि घाट उतरून मुंबईच्या विजेसाठी गेलं. तेव्हा टाटा घराण्याचे कर्ते दोराबजीच होते. मुळशीत धरण बांधणाऱ्या घराण्याच्या पैशावर पंधरा वर्षांनी या देशातलं समाजकार्याचं शिक्षण उभं राहिलं. शाळेनं पुढे चांगली माणसं घडवली, चांगलं काम केलं, दलित आणि आदिवासी अभ्यासाचा वेगळा अभ्यासक्रमही काढला, हे आम्ही नाकारत नाही. पण विस्थापितांसाठी काम कसं करावं हे शिकवणाऱ्या विद्येचा विस्थापनाशी असा घरचा संबंध आहे, हे पहिल्याच तासाला पोराला कळायला हवं की नको?

आता देशीकडे वळू. २०१४ साली मेलबर्नमध्ये जगभरच्या समाजकार्य संघटनांनी समाजकार्याची नवी व्याख्या ठरवली. तिच्यात समाजशास्त्रांच्या बरोबरीनं मूळनिवासींच्या ज्ञानाला जागा दिली. ही जागा फुकटात मिळाली नव्हती. ऑस्ट्रेलियात आणि कॅनडात मूळनिवासींची लेकरं कल्याणाच्या नावाखाली आईच्या कुशीतून उचलून नेली होती. न्यूझीलंडमध्ये माओरींनी सरकारच्या समाजकल्याण खात्याला आरशासमोर उभं केलं. १९८८ सालच्या अहवालानं, पुआओ-ते-आता-तू त्याचं नाव, त्या खात्याच्या कारभारात वंशभेद मुरलेला आहे असं स्वच्छ लिहिलं. दुसऱ्याच वर्षी, १९८९ ला, कायदा बदलला. लेकराचं काय करायचं हे ठरवताना त्याच्या घरच्या, भावकीच्या माणसांची बैठक भरवणं आलं. म्हणजे तिथं देशी ज्ञान हा शब्द ज्यांना चिरडलं त्यांनी उच्चारला, आणि त्यानं अधिकाऱ्याच्या हातातली सत्ता थोडी तरी काढून घेतली.

आमच्याकडे तोच शब्द विमानातून उतरला आणि थेट वाड्यात मुक्कामाला गेला! तिथं चिरडलेल्यांचं ज्ञान म्हणजे देशी. इथं चिरडणाऱ्यांची पोथी म्हणजे देशी. गोऱ्या साहेबाला परका म्हणता म्हणता मनूला आपल्या घरचा करून टाकला. आणि आमची पोरं पाश्चात्त्य ज्ञानाच्या विरुद्ध म्हणून ही पोथी पाठ करणार, तीही शिष्यवृत्तीच्या पैशातून.

टिपणांतल्या त्या 'सेवा' शब्दाचंच बघा. तुम्हाला तो फुलासारखा वाटतो. आमच्या कानाला तो वेठीसारखा लागतो. सरकारी कागदांत महाराचं नाव कनिष्ठ गावचाकर असं पडलं होतं. सेवा करायची, दिवसाची आणि रात्रीचीही, आणि बदल्यात ओंजळभर बलुतं. ज्यांच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या सेवा उकळली त्यांच्याच नातवंडांना आता सेवाभाव शिकवताय. शिकवा, पण आधी थकबाकी सांगा.

आणि गावकुसाबाहेर ज्ञान नव्हतं असं कोण म्हणतो? गावाची शीव कुणाला ठाऊक होती? महाराला. कुठला दगड कधी रोवला, ओढा कुठून वळला, कुठल्या झाडापासून पलीकडच्या गावाची हद्द लागते, हे त्याच्या पायांत होतं. शिवेचा तंटा उठला की महाराची साक्ष मानत. पाटलाचा शब्द, कुलकर्ण्याचा कागद, आणि या दोघांच्या वर शीव चालून दाखवणारा महार. ज्याला गावात पाय ठेवायची चोरी, त्यालाच गाव कुठं संपतं हे विचारायचं!

नव्वदीच्या दशकात एमआयडीसीनं इथल्या जमिनी घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मोजणीवाले आले. माझ्या चुलत आजानं त्यांच्याबरोबर दोन दिवस उन्हात फिरून गवतात बुडालेले दगड दाखवले. चहा मिळाला. नकाशावर सह्या झाल्या, त्या दुसऱ्यांच्या. मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. पायांत असलेल्या शिवेला मोबदला नसतो. आज त्या शिवेवर राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या काचेच्या इमारती आहेत आणि आजाची नात त्यातल्या एकीत हाऊसकीपिंगला आहे. ज्ञान होतं, मित्रहो. वापरून घेतलं. त्याला ज्ञान म्हणायचं तेवढं राहून गेलं.

पण इथं सावध राहायला पाहिजे. कारण आता काही भली माणसं उलट टोकाला निघालीत. कातडं कमावण्याचं पारंपरिक कौशल्य, केकताडाचा दोर वळण्याची कला, मेलेल्या जनावराच्या शरीराची माहिती, हे सगळं जतन करू म्हणतात. म्हातोबाच्या जत्रेचं बगाड कॅमेऱ्यात भरून नेतात, तसं आम्हालाही भरून न्यायचंय. त्यांना नम्रपणे सांगतो, बाबांनो, थांबा. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला काय सांगितलं? मेलेली ढोरं ओढू नका. १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाच्या कायद्याला दुरुस्ती मांडली. १९५८ च्या कायद्यानं ही कनिष्ठ वतनं गेली. १९५६ साली नागपूरला लाखोंनी धर्मच सोडला. आमच्या माणसांनी जे ज्ञान पाठीवर वाहिलं त्यातलं कुठलं ठेवायचं आणि कुठलं फेकायचं, हे स्वतः ठरवलं. काय सोडायचं हे कळणं, हेच आमचं सगळ्यांत मोठं देशी ज्ञान आहे. ते कुठल्या टिपणात आहे? अजिबात नाही. कारण ते शिकवलं तर वर्गातली अर्धी पोरं उठून उभी राहतील.

आता आमच्या समाजकार्याचा इतिहास सांगतो, परीक्षेला उपयोगी पडेल. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांची बाळंतपणं शूद्राच्या घरात झाली. मेरी रिचमंडच्या पुस्तकाच्या ५४ वर्षं आधी! त्यांनी त्या बाईला तुझं चुकलं कुठं असं विचारलं नाही. विधवेला दुसरं लग्न करू न देणारा धर्म चुकला, असं म्हणाले. १८६८ ला घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई गेल्या.

त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता नावाच्या मांगाच्या पोरीनं १८५५ साली महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. अशिलाची कहाणी समाजसेवकानं लिहायची असते, असं तुमची विद्या सांगते. इथं चौदाएक वर्षांची पोरगी आपली कहाणी आपणच लिहिते, कारणासकट, आणि धर्माला जाब विचारते. त्याला काय म्हणाल? १९०८ साली पुण्यातच शिवराम जानबा कांबळ्यांनी 'सोमवंशीय मित्र' काढला आणि आपल्याच जातीतल्या मुरळीच्या प्रथेवर हत्यार उपसलं. १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली. या सगळ्यात देशी आणि परदेशी असा सोवळेपणा कुणी पाळला नाही. जोतीराव थॉमस पेन वाचत होते. बाबासाहेब कोलंबियात जॉन ड्युईंच्या वर्गात बसले होते. ज्ञान कुठं जन्मलं हे त्यांनी विचारलं नाही. ते कुणाच्या बाजूला उभं राहतं, ते पाहिलं.

आणि एक कागद तर प्रत्येक समाजकार्याच्या वर्गात भिंतीवर लावला पाहिजे. १४ नोव्हेंबर १९३२. पुणे कराराला दोन महिनेही झाले नव्हते. बाबासाहेब तिसऱ्या गोलमेज परिषदेला निघालेले, आणि बोटीवरून त्यांनी ठक्करबाप्पांना पत्र लिहिलं. अस्पृश्यता निवारणासाठी नुकताच संघ निघाला होता, पुढे हरिजन सेवक संघ झाला तोच. बाबासाहेब सांगतात, पददलितांसाठी काम करायच्या दोन रीती आहेत. एक रीत समजते की माणूस आपल्या दुर्गुणांनी खाली राहिला. मग त्याला दारूबंदी सांगा, व्यायामशाळा काढा, वाचनालय काढा. दुसरी रीत समजते की त्याच्याभोवतीची परिस्थिती त्याला खाली दाबते. मग परिस्थितीशी भिडा. विहीर, शाळा, चावडी, गाडी यांचे हक्क मिळवा, नोकऱ्यांतली दारं उघडा, त्यासाठी गावोगाव कार्यकर्ते पाठवा, आणि त्यातून झगडा झाला तर होऊ द्या. कार्यकर्ते शक्यतो पददलितांतूनच घ्या, असंही त्यांनी सांगितलं. त्या पत्राची साधी पोचही आली नाही, हे बाबासाहेबांनीच पुढे १९४५ सालच्या आपल्या पुस्तकात नोंदलंय. संघानं पहिली रीत धरली. समाजकार्याची शाळा निघायच्या चार वर्षं आधी या देशातल्या समाजकार्यासमोर खरा प्रश्न मांडून झाला होता. तो आजही तसाच पडलाय.

कुणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं. मग पुण्यातलंच अलीकडचं घ्या. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाचे लोक कचरा वेचणाऱ्या बायांकडे साक्षरता घेऊन गेले. यातल्या कितीतरी बाया १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेल्या, बहुतेक दलित. विद्यापीठवाले त्यांच्यासोबत उकिरड्यावर फिरले आणि गोष्ट उलटी झाली. शिकवायला गेलेले शिकायला लागले. कुठलं प्लास्टिक कुठल्या भावाचं हे त्या बाई हातानं चुरगाळून, आवाज ऐकून सांगायच्या. शहराचं किती ओझं त्या रोज डोक्यावरून हलकं करतात, हे महापालिकेच्या कुठल्या वहीत नव्हतं. १९९३ साली बाबा आढावांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. नाव बघा, बायांच्या रोजच्या धंद्यातलं. महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रं मिळाली. २००८ पासून 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करायला सुरुवात केली. भीक नको, दया नको, धंद्याचा हक्क द्या. देशी ज्ञान समाजकार्यात आणायचं म्हणजे हे. बाईचं ज्ञान तिच्या हातातच राहिलं. विद्यापीठ तिच्या मागं चाललं, तिच्या डोक्यावर बसलं नाही.

आणि हिंजवडीत काय चाललंय? २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चायला लावले. १ एप्रिल २०१४ पासून समाजकार्याच्या पोरांना नोकऱ्यांचं नवं दार उघडलं. आनंद आहे. पण दर हिवाळ्यात आमच्या वस्तीत फॉर्म घेऊन पोरं-पोरी येतात. हात धुता का? बचत करता का? नवरा पितो का? एका आक्कानं विचारलं, 'आमचा ठेकेदार किती पगार कापतो, त्याचा रकाना कुठाय गं?' रकाना नव्हता. अहवालात आमच्या नावापुढे 'जाणीव कमी' असं पडलं. मी पाहिलेल्या अशा प्रस्तावांत जाणीवजागृती हा शब्द पानोपानी आहे, किमान वेतन हा शब्द एकदाही नाही. ठक्करबाप्पांना सांगितलेली पहिली रीत, फक्त आता संगणकावर.

मैलाटाकीत उतरणाऱ्या माणसाचं ज्ञान घ्या. झाकण काढल्यावर आत वायू आहे की नाही, हे त्याला वासावरून, साथीदारांच्या मरणावरून कळतं. हे ज्ञान जतन करायचं का? त्याला विचारा. तो म्हणेल, आत कुणीच उतरू नये, एवढंच मला ठाऊक आहे. २०१३ चा कायदा तेच म्हणतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली अशा मृत्यूला १० लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाखांची. तरी माणसं उतरवली जातात. समाजकार्याच्या विद्यार्थ्यानं त्याचं ज्ञान वहीत उतरवून घेऊ नये. ते कामगार आयुक्तांच्या टेबलावर आदळावं.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. एक, देशी ज्ञानाच्या पेपरात १८५५ चा मुक्ताचा निबंध, १८६३ चं गृह, १९३२ चं पत्र आणि १९९३ ची पंचायत सक्तीनं शिकवा. दोन, वस्तीतली माणसं वर्गात शिकवायला बोलवा आणि प्राध्यापकाला देता तेवढंच मानधन द्या. चहावर भागवू नका, चहा आमच्या आजानं पिऊन झाला. तीन, वस्तीवर लिहिलेला प्रत्येक अहवाल आधी वस्तीत मोठ्यानं वाचून दाखवा. आम्ही हो म्हटलं तरच तो कॉलेजात जाईल. चार, पोरांना क्षेत्रकार्याला कंपन्यांच्या हापिसातच पाठवू नका. हमाल, कचरावेचक, सफाई कामगार यांच्या संघटनांतही पाठवा.

आणि शिकणाऱ्या पोरापोरींनो, तुम्हाला एक सांगणं. पेपरात जातीबद्दल विचारलं तर ती श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे असं लिहा. हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडलंय, त्यांचं नाव घालून लिहा. समाजकार्याची पहिली शाळा निघाली तेच हे साल, हेही लिहा. मार्क कापले तर उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागा आणि आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात प्रश्न, तुमचं उत्तर आणि मिळालेले मार्क, तिन्ही छापू. तुमचं नाव छापणार नाही. तपासणाऱ्यांना वाटलं तर त्यांचा खुलासाही छापू, एक अक्षर न कापता.

वर्गणी थकलेल्यांनी ती पाठवावी. कागद महागलाय.

जय भीम.